#मदत गेली, #पूर तसाच: जुन्या पोस्ट पुसणारी स्क्रिप्ट दर वेळी काही पोस्ट का सोडते

लक्षण असं आहे. स्क्रिप्ट रोज रात्री चालते. लॉगची, म्हणजे स्क्रिप्ट स्वतः करत असलेल्या कामाच्या नोंदीची, शेवटची ओळ ‘काम पूर्ण’ अशी येते. एरर कुठेच दिसत नाही. तरी महिन्या-दोन महिन्यांनी खातं उघडून खाली खाली गेलं की मुदत उलटून गेलेल्या पोस्ट सापडतात. आपण त्या हाताने पुसतो, स्क्रिप्ट एकदा समोर बसून चालवतो, ती नीट चालते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. माझ्याकडे हे जवळजवळ वर्षभर चाललं. कारण एक नव्हतं, तीन होती, आणि एक सापडलं की बाकीची दोन त्याच्या आड लपायची. म्हणून तिन्ही इथे सविस्तर लिहितो. त्यातलं एक तर देवनागरीत लिहिणाऱ्यालाच भेटणारं आहे, आणि त्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही.

मी बडोद्याचा. खातं मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखं, पण अनेक वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क) आहे, स्क्रिप्ट पायथन या भाषेतली आहे, मशिन म्हणजे घरातला जुना लॅपटॉप.

आधी एक सांगून टाकतो. मॅस्टोडॉनमध्ये जुन्या पोस्ट आपोआप पुसण्याची सोय मुळातच आहे. सेटिंगमध्ये जाऊन मुदत निवडायची, आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंत. पिन केलेल्या, स्वतः बुकमार्क केलेल्या, चित्रं असलेल्या किंवा अमुक इतक्यांना आवडलेल्या पोस्ट वगळताही येतात. तुम्हाला सगळ्या पोस्टना एकच मुदत चालणार असेल तर स्क्रिप्टच्या वाटेला जाऊच नका, ही सोय वापरा. मला ती पुरत नव्हती, कारण मला टॅगप्रमाणे वेगवेगळी मुदत हवी होती.

ती का हवी होती, ते सांगतो. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा समा, अकोटा, वडसर या भागांत घराघरात पाणी होतं. वीज नव्हती, मगरी सोसायट्यांच्या आवारात फिरत होत्या, दुधाची पिशवी मिळणं मुश्किल झालं होतं. माझे मामा डांडिया बाजारात राहतात. त्यांनी शेजारच्या चार-पाच जणांना घेऊन दूध आणि पिण्याचं पाणी पोचवायला सुरुवात केली. मी त्यांच्या परवानगीने त्यांचा मोबाइल नंबर पोस्ट केला: दूध-पाणी हवं असेल तर या नंबरवर फोन करा. खाली टॅग दिले, #पूर आणि #बडोदा. पोस्ट भराभर पसरली आणि तेव्हा तिचा खरोखर उपयोग झाला.

अशा पोस्टचं आयुष्य पंधरा दिवसांचं असावं, पाणी ओसरलं की ती जावी, म्हणून स्क्रिप्टमध्ये नियम टाकला. ज्या पोस्टवर पूर, पाणी, धरण, मदत यांपैकी टॅग असेल ती पंधरा दिवसांनी जाणार, बाकी सगळ्या वर्षाने. दुसऱ्या दिवशी लॉग बघितला, ‘काम पूर्ण’. मी निर्धास्त झालो.

पुढच्या जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला. रात्री दोनला मामांना फोन आला. पलीकडून एक बाई गुजरातीत रडत रडत सांगत होत्या की काका, पाणी पायरीपर्यंत आलंय, कुणाला तरी पाठवा. मामा अडुसष्ट वर्षांचे. त्यांनी त्या बाईंना अग्निशमन दलाचा १०१ नंबर दिला, धीर दिला, आणि मग पहाटेपर्यंत खिडकीत बसून राहिले. सकाळी मला फोन करून एवढंच विचारलं, “अरे, तो नंबर अजून आहे का रे कुठे?”

होता. माझ्याच खात्यावर होता. अकरा महिने जुनी पोस्ट, आणि पाऊस सुरू झाल्यावर कुणीतरी ती पुन्हा बूस्ट केली, म्हणजे आपल्या खात्यावरून पुढे पसरवली होती.

ती त्याच मिनिटाला हाताने पुसली. मग स्क्रिप्ट उघडून बसलो.

पहिलं कारण: तीसचा आकडा

सगळ्यात आधी मी शिल्लक राहिलेल्या पोस्टची तारखेप्रमाणे यादी केली. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. कोड वाचत बसण्याआधी, राहिलेल्या पोस्टमध्ये काही ठेवण दिसते का ते बघा. मला दिसली. जुन्या पोस्ट सरसकट राहिल्या नव्हत्या. तीस गेलेल्या, मग सत्तरेक राहिलेल्या, पुन्हा तीस गेलेल्या, पुन्हा सत्तर राहिलेल्या, असं तुटक्या कंगव्यासारखं चित्र होतं. माझी स्क्रिप्ट एका रात्रीत शंभर पोस्ट हातात घ्यायची. म्हणजे शंभरातल्या पहिल्या तीसच जात होत्या.

हा तीस मॅस्टोडॉनचाच आकडा आहे. एरवी एपीआयला, म्हणजे स्क्रिप्ट ज्या दारातून सर्व्हरशी बोलते त्याला, पाच मिनिटांत ३०० विनंत्या चालतात, आणि बहुतेक जण तेवढंच वाचून थांबतात. पण पोस्ट पुसण्याला आणि बूस्ट मागे घेण्याला वेगळी, फार कडक मर्यादा आहे: तीस मिनिटांत तीस. एकतिसाव्या वेळी सर्व्हर ४२९ हे उत्तर देतो, म्हणजे ‘फार झालं, थोडं थांबा’. ही मर्यादा खात्याला लागते, टोकनला (स्क्रिप्टला खात्यात शिरायला दिलेल्या किल्लीला) लागत नाही. त्यामुळे फोनवरून हाताने पुसलेल्या पोस्टही त्याच तीसात मोजल्या जातात. माझा घोळ यामुळे वाढायचा. काही राहिलंय असं दिसलं की मी फोनवर वीस-पंचवीस पोस्ट पुसायचो, लगेच स्क्रिप्ट चालवायचो, आणि ती पाच पोस्टनंतर मुकी व्हायची.

मुकी व्हायची, कारण मी तिला तसं लिहिलं होतं. प्रत्येक पोस्ट पुसण्याभोवती ‘ट्राय’ होता आणि ‘एक्सेप्ट’मध्ये कुठलीही अडचण आली तरी पुढच्या पोस्टकडे जा, असं सांगितलं होतं. एका खराब पोस्टमुळे सगळं काम अडू नये हा हेतू होता. प्रत्यक्षात ४२९ आल्यावर उरलेल्या सत्तर विनंत्या क्षणार्धात नाकारल्या जायच्या, सगळ्या गिळल्या जायच्या, आणि शेवटी ‘काम पूर्ण’.

एवढंच असतं तर राहिलेल्या पोस्ट दुसऱ्या रात्री गेल्या असत्या. पण मी एका फाइलमध्ये खूण ठेवत होतो: कुठल्या आयडीपर्यंत (पोस्टच्या क्रमांकापर्यंत) पोचलो. दुसऱ्या रात्री काम त्या खुणेच्या पुढे सुरू. खूण ‘पुसलेल्या शेवटच्या पोस्टची’ असायला हवी होती, मी ‘पाहिलेल्या शेवटच्या पोस्टची’ ठेवली होती. त्यामुळे नाकारल्या गेलेल्या सत्तर पोस्ट खुणेच्या मागे पडायच्या आणि त्यांच्याकडे पुन्हा कधीच कुणी बघायचं नाही. शिवाय खुणेची पद्धत सगळ्या पोस्टना एकच मुदत होती तेव्हा लिहिलेली. दोन मुदती आल्यावर ती तशीही चुकीचीच झाली, कारण पंधरा दिवसांची पोस्ट आणि वर्षभराची पोस्ट एकाच रांगेत शेजारी उभ्या असतात.

उपाय केला तो असा. खूण काढूनच टाकली. दर रात्री पूर्ण यादी नव्याने आणायची. एका विनंतीत चाळीस पोस्ट मिळतात, शेवटच्या पोस्टचा आयडी ‘मॅक्स आयडी’ म्हणून देऊन पुढचं पान मागायचं. दोन-तीन हजार पोस्टची यादी ऐंशीएक विनंत्यांत येते, ती ३००च्या आत सहज बसते. पूर्ण यादी हातात आल्यावरच पुसायला सुरुवात करायची. आणणं आणि पुसणं एकाच वेळी करू नका. जिथे पानांना क्रमांक असतात अशा ठिकाणी पहिलं पान पुसलं की दुसऱ्या पानावरच्या पोस्ट पहिल्यावर सरकतात आणि तुम्ही तिसऱ्याकडे निघून जाता.

थांबण्यासाठी दोन रस्ते आहेत. सर्व्हरच्या उत्तरात ‘एक्स-रेटलिमिट-रीसेट’ नावाचं हेडर येतं, त्यातली वेळ वाचून तोपर्यंत झोपायचं. किंवा सरळ दर एकसष्ट सेकंदांना एक पोस्ट पुसायची. मी दुसरा रस्ता घेतला. पहिला जास्त हुशारीचा आहे, पण त्यात वेळ वाचणं, यूटीसीतून (जागतिक प्रमाणवेळेतून) हिशेब करणं आणि चुकायच्या आणखी चार जागा आल्या. एकसष्ट सेकंदांत चुकण्यासारखं काही नाही. शंभर पोस्टना पावणेदोन तासांहून थोडा कमी वेळ लागतो, रात्री कुणाला घाई आहे? पहिल्या मोठ्या सफाईला माझ्या २,१०० पोस्टना छत्तीस तासांच्या आसपास लागले. लॅपटॉप दीड दिवस चालू ठेवला.

काम इतकं लांबलं की आणखी एक गोष्ट करावी लागते: पहिली फेरी चालू असताना दुसरी सुरू होऊ देऊ नका. लिनक्सवर ‘एफलॉक’ ही कुलूप लावणारी आज्ञा वापरली की पुरतं.

आणि ‘एक्सेप्ट’ नेमका करा. ४२९ आला तर थांबा आणि तीच पोस्ट पुन्हा घ्या. ४०३ आला तर सगळं बंद करा, कारण तुमच्या टोकनला पुसण्याची परवानगीच नाही. वाचायची परवानगी वेगळी आणि लिहायची वेगळी असते, त्यामुळे यादी व्यवस्थित येते आणि पुसणं तेवढं होत नाही. परवानगी वाढवलीत तर टोकन नव्याने तयार करून घ्या. ४०४बद्दल पुढे लिहितो, तिथे मी वेगळाच फसलो.

दुसरं कारण: काना, मात्रा, वेलांटी

वरचं सगळं दुरुस्त केल्यावर वर्षाच्या मुदतीच्या पोस्ट शिस्तीत जायला लागल्या. मला वाटलं, संपलं. पण खात्री करायला मी चार चाचणीच्या पोस्ट टाकल्या, प्रत्येकीवर एकेक टॅग, आणि मुदत तात्पुरती दहा मिनिटं ठेवली. #मदत गेली. #धरण गेली. #पूर आणि #पाणी जागच्या हलल्या नाहीत.

हे कोडं मला एक अख्खी संध्याकाळ पुरलं. चारही टॅग एकाच यादीत, एकाच फाइलमध्ये, मीच टाइप केलेले. शेवटी स्क्रिप्टला प्रत्येक पोस्टमधून काढलेला टॅग छापायला लावला. समोर हे आलं:

#मदत → मदत
#धरण → धरण
#वडसर → वडसर
#पूर → प
#पाणी → प
#बडोदा → बड

बघा, ज्या शब्दांत काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीच नाही ते पूर्ण आले. जिथे पहिला उकार किंवा काना आला, तिथे शब्द तुटला.

कारण असं. मजकुरातून टॅग काढायला मी रेजेक्स, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र, वापरत होतो: हॅशची खूण आणि तिच्यापुढे ‘बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस’, म्हणजे शब्दात बसणारी एक किंवा जास्त अक्षरं. इंग्रजी टॅगसाठी सगळे हेच लिहितात. पायथनचं स्वतःचं रेजेक्स ‘शब्दात बसणारं अक्षर’ ठरवताना युनिकोडमधली (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली) अक्षरं आणि अंक धरतं. आपला ‘प’ युनिकोडमध्ये अक्षर आहे. पण त्याला लागलेला दीर्घ उकार तिथे अक्षर नाही, ‘मार्क’ आहे, म्हणजे अक्षराला जोडलेली खूण. पायथन त्या खुणेला शब्दाचा भाग मानत नाही आणि तिथेच थांबतं. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त, सगळ्यांची तीच गत. आपण ‘पू’ हे एक अक्षर म्हणून लिहितो, वाचतो, पहिलीत गिरवतो. मशिनच्या लेखी ती दोन चिन्हं आहेत.

मामांच्या पोस्टवर #पूर आणि #बडोदा होते. स्क्रिप्टला ‘प’ आणि ‘बड’ दिसले. ते यादीत नव्हते, म्हणून पोस्ट वर्षाच्या मुदतीत गेली, आणि वर्ष भरायला अजून महिना-सव्वा महिना बाकी होता. पहिल्या दिवशी मी स्क्रिप्ट तपासली होती ती #मदत टॅगवर. तो नेमका बिनकान्यामात्रेचा निघाला, म्हणून मला ती बरोबर वाटली.

इथे एक घातक पळवाट आहे, तिच्याबद्दल सावध करतो. छापलेली यादी बघून मनात येतं की ‘प’सुद्धा यादीत टाकू, काम होईल. करू नका. #पुस्तकं, #पाककृती, #पिंपळ, सगळ्यांचा ‘प’च होतो. माझ्या वाचनाच्या नोंदी #पुस्तकं टॅगखाली आहेत. त्या सगळ्या पंधरा दिवसांच्या नियमात सापडून गेल्या असत्या, आणि पुसलेली पोस्ट परत येत नाही.

खरा उपाय सोपा आहे: मजकुरातून टॅग काढूच नका. मॅस्टोडॉन प्रत्येक पोस्टबरोबर ‘टॅग्ज’ नावाची वेगळी यादी देतं, तिच्यात प्रत्येक टॅगचं नाव असतं. ती वापरा. मजकूर तसाही एचटीएमएलमध्ये येतो. त्यात हॅशची खूण आणि शब्द यांच्यामध्ये स्पॅन नावाची एचटीएमएलची खूण असते, म्हणजे ते सगळं आधी साफ करावं लागतं. सर्व्हर तयार यादी देत असताना हा उद्योग मी का केला, तर स्क्रिप्टचा तो तुकडा मी दुसऱ्या कामातून उचलून आणला होता.

नावं जुळवताना दोन्ही बाजू युनिकोडच्या एनएफसी या ठरावीक, एकसारख्या रूपात आणा. ‘ऱ’ हे अक्षर काही कीबोर्ड एकसंध लिहितात, काही ‘र’ला नुक्ता जोडून. दिसायला सारखं, मशिनला वेगळं. एनएफसी केलं की दोन्ही एक होतात. रोमन टॅगांसाठी दोन्ही बाजू लहान अक्षरांतही करून घ्या.

मजकुरातूनच शब्द शोधणं भाग असेल, उदाहरणार्थ टॅग नसलेल्या पोस्टमध्ये ‘पूर’ आहे का ते बघायचं असेल, तर पायथनसाठी ‘रेजेक्स’ याच नावाचं एक वेगळं पॅकेज मिळतं, ते मार्कना शब्दात धरतं. नाहीतर देवनागरीचा सगळा युनिकोड पट्टा चौकटी कंसात स्वतः द्या. जावास्क्रिप्टवाल्यांनी तर जास्तच जपावं. तिथे ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा ओळखतं, त्याला ‘मदत’सुद्धा दिसणार नाही. तिथे युनिकोडची ‘अक्षर’ ही जात मागाल तर तिच्याबरोबर ‘मार्क’ ही जातही मागा.

चाचणी करायची तर ‘मदत’वर करू नका. ‘पूर’वर करा, ‘विश्वामित्री’वर करा, ज्यात वेलांटी, काना, जोडाक्षर सगळं आहे.

तिसरं कारण: एक्सेलमधून गेलेले आयडी

हे वहिनीकडे सापडलं. ती इंदूरला असते, चित्रं काढते, आणि माझीच स्क्रिप्ट तिने घेतली होती. तिला सगळं पुसायचं नव्हतं. कुठली चित्रं ठेवायची हे तिला स्वतः बघून ठरवायचं होतं. म्हणून मी तिच्यासाठी यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत) काढून दिली: आयडी, तारीख, मजकुराची पहिली ओळ. तिने ती एक्सेलमध्ये उघडली, नको त्या ओळींपुढे ‘पुसा’ लिहिलं, सेव्ह केली, परत दिली. स्क्रिप्ट चालली. १८० पोस्ट पुसल्याचा लॉग आला. तिने खातं उघडलं, एकही पोस्ट गेली नव्हती.

मॅस्टोडॉनचे आयडी अठरा आकडी असतात. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे नेमके जपतं, पुढचे शून्य करून टाकतं. उघडताना तो आयडी ‘ई प्लस १७’ अशा आखूड रूपात दिसतो. सेव्ह केलं की मूळ आकडे कायमचे गेले. वहिनीने नीट निवडलेल्या एकूण एक ओळीतला आयडी बिघडला होता.

मग स्क्रिप्टने बोंब का मारली नाही? कारण ४०४. ज्या आयडीची पोस्टच नाही ती पुसायला सांगितली की सर्व्हर ४०४ देतो. मी विचार केला होता की पोस्ट सापडत नाही म्हणजे ती आधीच गेलेली असणार, म्हणजे काम झालेलंच आहे. म्हणून ४०४ला यश मोजलं होतं. १८० वेळा ‘अशी पोस्ट नाही’ असं उत्तर आलं आणि माझ्या लॉगने ते १८० वेळा ‘पुसली’ असं लिहिलं.

आता मी ४०४ला यश फक्त एकाच वेळी धरतो: तो आयडी याच फेरीत सर्व्हरकडून आलेल्या यादीत असेल तरच. बाहेरच्या फाइलमधून आलेला आयडी यादीत नसेल तर स्क्रिप्ट पहिल्या पोस्टलाही हात न लावता थांबते. मॅस्टोडॉनचं एपीआय आयडी संख्या म्हणून देत नाही, मजकूर म्हणून देतं. तुम्हीही तो शेवटपर्यंत मजकूरच ठेवा. एक्सेलमध्ये फाइल डबल-क्लिकने न उघडता ‘डेटा’मधून आयात करा आणि आयडीच्या स्तंभाला ‘टेक्स्ट’ निवडा. मी वहिनीसाठी याहून सोपं केलं. आयडीच्या आधी ‘आयडी’ हा शब्दच जोडून दिला, म्हणजे एक्सेलला ती संख्या वाटतच नाही. स्क्रिप्ट वाचताना तो काढून टाकते.

हाताने चालते, आपोआप चालत नाही

हे ऐकलं की चार गोष्टी बघायच्या, त्यात फार खोल जायची गरज नाही.

विंडोजवर, म्हणजे वहिनीच्याच मशिनवर, टास्क शेड्युलरमधून चालवताना लॉग फाइलमध्ये देवनागरी लिहायची वेळ आली की पायथन मोडायचं. समोरच्या काळ्या खिडकीत मात्र सगळं छान दिसायचं. खिडकीत लिहिताना पायथन युनिकोड वापरतं. फाइलकडे वळवलं की बहुतेक मशिनवर जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) घेतं, त्यात ‘प’ला जागाच नाही. फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, किंवा पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू करा.

क्रॉनला, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, तुमच्या टर्मिनलची माहिती नसते. तुमचा पाथ, तुमचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, तुम्ही उभे आहात ते फोल्डर, यातलं काहीच त्याच्याकडे नसतं. टोकन कुठून वाचायचं, कुठलं पायथन वापरायचं, फाइल कुठे आहे, सगळे पत्ते पूर्ण द्या.

रात्री तीनला लॅपटॉप बंद असेल तर क्रॉन ती फेरी सोडून देतं, सकाळी भरून काढत नाही. अशा मशिनवर ‘अ‍ॅनाक्रॉन’ किंवा सिस्टिमडीचा टायमर ‘पर्सिस्टंट’ लावून वापरा.

आणि वेळ. सर्व्हर वेळ यूटीसीत देतो, शेवटी ‘झेड’ अक्षर असतं. पायथनचं ‘फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट’ हे झेड ३.११पासून समजतं. उबंटू २२.०४वर पायथन ३.१० येतं, तिथे ते अडतं. माझी स्क्रिप्ट ऑफिसात चालायची आणि घरी नाही, ती यामुळे. दोन्ही वेळा यूटीसीत आणून मगच तुलना करा. आपला साडेपाच तासांचा फरक पंधरा दिवसांच्या मुदतीत नगण्य आहे, पण तासांच्या मुदतीत तो दिसतो.

पुसल्यानंतर मोजा

तिन्ही कारणांत लॉग ‘झालं’ म्हणत होता आणि खात्यावर पोस्ट होती. म्हणून आता फेरी संपल्यावर स्क्रिप्ट यादी पुन्हा सर्व्हरकडून आणते, मुदत उलटलेल्या पोस्ट त्यात किती उरल्या ते नव्याने मोजते आणि तोच आकडा लॉगमध्ये लिहिते. ‘काम पूर्ण’ ही ओळ मी काढून टाकली. आता ओळ असते ‘शिल्लक: ०’, आणि शून्य नसेल तर मला मेल येतो, त्यात उरलेल्या पोस्टचे पत्ते असतात. तुम्ही वरचं काहीच केलं नाही तरी निदान एवढं करा. माझ्याकडे हे पहिल्यापासून असतं तर पुराच्या पोस्टचा प्रश्न पंधराव्या दिवशी कळला असता. अर्थात मोजताना टॅग सर्व्हरच्या यादीतून घ्यायचे, जुन्याच रेजेक्सने मोजलं तर मोजणारही आंधळा.

पहिल्यांदा चालवताना ड्राय रन करा, म्हणजे काय पुसलं जाणार ते नुसतं छापायचं. ती यादी डोळ्यांखालून घाला, निदान पहिल्या आणि शेवटच्या पन्नास ओळी. त्याआधी खात्याचं आर्काइव्ह मागवून ठेवा. मॅस्टोडॉन सात दिवसांतून एकदा ते देतं, पोस्ट आणि चित्रं दोन्ही त्यात येतात.

दुसऱ्या ठिकाणी खातं असेल तर आकडे बदलतात, रोग तेच. ब्लूस्कायवर मर्यादा गुणांत मोजतात, तासाला ५,००० गुण, एक नोंद पुसायला एक गुण लागतो, त्यामुळे तिथे एकसष्ट सेकंदांची गरज नाही. एक्सवर खात्याच्या टाइमलाइनमधून एपीआय शेवटच्या ३,२०० पोस्टच देतं, त्याहून जुन्यांचे आयडी आर्काइव्हमधून घ्यावे लागतात, आणि ते आयडीही एक्सेलमध्ये तसेच बिघडतात.

एक गोष्ट स्क्रिप्टच्या हातातली नाही. मॅस्टोडॉनवर पोस्ट पुसली की आपला सर्व्हर बाकीच्या सर्व्हरना ‘ही पुसा’ असा निरोप पाठवतो. बहुतेक तो पाळतात, पण पाळायलाच लावता येत नाही. स्क्रीनशॉट तर कुणाच्या फोनमध्ये किती असतील ते सांगताच येत नाही. मामांना मी हे जाऊन समोर बसून सांगितलं. नंबर बदलायचा का, असंही विचारलं. नको म्हणाले, पस्तीस वर्षांची ओळखीची माणसं त्याच नंबरवर आहेत.

मग म्हणाले, “काढलास ते बरं केलंस. पण यंदा पाणी आलं तर परत टाक हो. दूध लागतंच लोकांना.”

म्हणून आता नंबर असलेल्या पोस्टला मी वेगळा टॅग लावतो, #फोन. त्याची मुदत तीन दिवस. जुन्या रेजेक्सला त्यातला फक्त ‘फ’ दिसला असता. चाचणीची पोस्ट गेल्या आठवड्यात टाकली होती, तिसऱ्या दिवशी रात्री ती गेली, आणि लॉगमध्ये शिल्लक शून्य होती.